बेसबॉलमधील एका हंगामाचे फलंदाजी-विक्रम: कोणता आकडा किती वजनाचा?

प्रश्न असा आहे: बॅरी बाँड्सचे २००१ मधील ७३ होम रन (चेंडू कुंपणापार मारणे), इचिरो सुझुकीच्या २००४ मधील २६२ हिट (आपल्या फटक्यावर धावून बेस, म्हणजे मैदानावरचा ठरलेला टप्पा, सुखरूप गाठणे) आणि टेड विल्यम्सची १९४१ मधील ०.४०६ ही सरासरी, यांपैकी सर्वांत मोठा पराक्रम कोणता मानावा, त्यांतला कोणता पुन्हा घडू शकेल, आणि १९४३ साली खेळलेला जॉश गिब्सन २०२४ मध्ये एकाएकी सरासरीच्या यादीत पहिला कसा झाला?

हौशी बेसबॉल लीगमध्ये मी बरीच वर्षे अधिकृत गुणलेखकाचे काम करत आलो आहे. त्यामुळे विक्रमाचा आकडा समोर आला की तो किती मोठा आहे यापेक्षा तो कशातून जमा झाला हे पाहण्याकडे माझा कल असतो. मत आधीच सांगून टाकतो. हिटचा विक्रम सर्वांत स्वच्छ आहे, होम रनचा सर्वांत वादग्रस्त आहे, सरासरीच्या विक्रमाला काळाचा संदर्भ दिल्याशिवाय अर्थच नाही, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत थक्क करणारा विक्रम प्रश्नात आलेलाच नाही. तो बाँड्सचाच आहे, पण २००४ चा.

क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी दोन खुलासे आवश्यक आहेत. फलंदाज बॅटिंगला उभा राहून त्याचा निकाल लागला की ती एक पाळी झाली, पण सरासरी काढताना सगळ्या पाळ्या धरत नाहीत. स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे मारण्याजोग्या चौकटीबाहेरच्या, चार चेंडूंवर मिळालेला वॉक (पहिल्या बेसवर फुकट जाणे), चेंडू अंगावर लागून मिळालेला पहिला बेस आणि सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी स्वतः बाद होणे हे वगळून जे उरते त्याला ॲट-बॅट म्हणतात, आणि हिट भागिले ॲट-बॅट म्हणजे सरासरी. दुसरा खुलासा हंगामाच्या लांबीचा. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीग मिळून अमेरिकेतले सर्वोच्च बेसबॉल, म्हणजे मेजर लीग, होते; त्यांपैकी अमेरिकन लीगचा हंगाम १९६० पर्यंत १५४ सामन्यांचा होता आणि १९६१ मध्ये तो १६२ सामन्यांचा झाला. नॅशनल लीगने हा बदल एका वर्षाने केला. आठ सामने वाढल्याने एवढे काय बिघडते, असे वाटेल. पण बेसबॉलमधला सर्वांत गाजलेला वाद याच आठ सामन्यांवरून झाला.

बेब रूथने १९२७ मध्ये न्यूयॉर्क यांकीजसाठी ६० होम रन मारले, आणि त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या कोणत्याही संघाला, संपूर्ण संघ मिळूनसुद्धा, तेवढे मारता आले नव्हते. १९६१ मध्ये त्याच संघाचा रॉजर मॅरिस त्या आकड्याजवळ येऊ लागला, तेव्हा बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी हंगाम निम्म्यावर असताना जाहीर केले की, विक्रम १५४ सामन्यांत झाला नाही तर पुस्तकात त्याची वेगळी नोंद होईल. फ्रिक हे एके काळी रूथच्या नावाने लेख लिहून देत असत आणि त्याचे स्नेही होते, ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली नाही. १५४ सामने झाले तेव्हा मॅरिस ५९ वर होता. १ ऑक्टोबर १९६१ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्याने बोस्टनच्या ट्रेसी स्टॅलर्डला ६१ वा होम रन मारला. पुढे ‘मॅरिसच्या नावापुढे तारांकन लावले’ असे सर्रास सांगितले जाऊ लागले, पण प्रत्यक्षात तारांकन कधी छापलेच गेले नाही. दोन विक्रम स्वतंत्र ओळींत दिले जात, आणि तेही १९९१ मध्ये बंद झाले.

या वादात गुणलेखकाने मांडण्यासारखा मुद्दा पाळ्यांचा आहे, सामन्यांचा नव्हे. संपूर्ण हंगामात रूथला आणि मॅरिसला मिळालेल्या पाळ्या मोजल्या तर दोघेही सातशेच्या आसपास येतात आणि त्यांच्यातला फरक दहाच्याही आत भरतो. मॅरिसच्या मागोमाग मिकी मँटल बॅटिंगला येत असल्याने मॅरिसला मुद्दाम वॉक देऊन मँटलला सामोरे जाण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि त्या संपूर्ण वर्षात त्याला एकही हेतुपुरस्सर वॉक मिळाला नाही. मॅरिसला अनुकूल असे काही होते तर ते हे होते, दिनदर्शिका नव्हे. हे गणित कमिशनरांच्या कार्यालयाला १९६१ मध्येही सहज करता आले असते.

हिटच्या विक्रमात मात्र हंगामाची लांबी खरोखर मोजावी लागते. जॉर्ज सिसलरने १९२० मध्ये सेंट लुइस ब्राउन्सकडून ६३१ ॲट-बॅटमध्ये २५७ हिट मिळवल्या होत्या. इचिरोने २००४ मध्ये सिॲटल मरिनर्सकडून २६२ मिळवल्या त्या ७०४ ॲट-बॅटमध्ये. सिसलरची सरासरी ०.४०७, इचिरोची ०.३७२. त्याहून बोलका फरक हिटच्या प्रकारांत आहे. सिसलरच्या २५७ मध्ये ४९ डबल (दोन बेसचे फटके), १८ ट्रिपल (तीन बेसचे) आणि १९ होम रन होते, म्हणजे ८६ फटक्यांवर तो थेट दुसऱ्या बेसवर किंवा त्याच्याही पुढे पोहोचला. इचिरोचे असे फटके केवळ ३७. उरलेल्या २२५ सिंगल, म्हणजे एका बेसच्या हिट, आणि सिंगलचाही तो एका हंगामाचा विक्रम आहे. एकूण बेस मोजले तर सिसलर ३९९ आणि इचिरो ३२०. संघासाठी अधिक मोलाचा हंगाम कोणाचा, असे विचाराल तर माझे उत्तर सिसलर असेल.

तरीही इचिरोचा विक्रम मी स्वच्छ म्हणतो, याचे कारण त्याच्यावर कोणताही बाहेरचा वारा फारसा लागलेला नाही. सिॲटलचे मैदान पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, अनुकूल मानले जाई. १९२० मध्ये सिसलर फक्त दिवसा खेळला, कारण मेजर लीगमध्ये रात्रीचे सामने १९३५ पर्यंत नव्हते. तो फक्त गोऱ्या पिचरांविरुद्ध खेळला, आणि सेंट लुइसच्या पश्चिमेला लीगमध्ये एकही शहर नव्हते. इचिरोला प्रत्येक सामन्यात ताज्या दमाचे, ठरावीक फलंदाजांसाठीच राखलेले बदली पिचर खेळावे लागले. एप्रिलमध्ये त्याची सुरुवात मंदच होती. त्यानंतर मे, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांत त्याने प्रत्येकी पन्नास किंवा अधिक हिट मिळवल्या, आणि १ ऑक्टोबर २००४ रोजी टेक्सासविरुद्ध पहिल्या इनिंगमध्ये २५७ वी व तिसऱ्या इनिंगमध्ये २५८ वी हिट घेतली. सिसलरची मुलगी त्या दिवशी स्टेडियममध्ये हजर होती.

इथे गुणलेखकाच्या टेबलावरची एक गोष्ट जवळून दाखवणे भाग आहे, कारण इचिरोच्या त्या हिटपैकी पन्नासहून अधिक इनफील्डमधल्याच, म्हणजे चेंडू बेसांजवळच्या आतल्या भागातच राहिलेल्या, होत्या. चेंडू टप्पे खात शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, जातो, तो दोन पावले उजवीकडे सरकून चेंडू उचलतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. धावपटू अर्ध्या पावलाने आधी पोहोचतो. आता ही हिट, की क्षेत्ररक्षकाची चूक? फलंदाज बाद झाला असता तर मी नुसते ६-३ लिहून मोकळा झालो असतो, कारण ६ म्हणजे शॉर्टस्टॉप आणि ३ म्हणजे पहिल्या बेसवरचा खेळाडू. बाद झाला नाही, म्हणून नियमपुस्तकातली कसोटी लावावी लागते. त्या जागी खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूला साधारण प्रयत्नांत तो बाद करता आला असता का? डावखुरा इचिरो चेंडू मारता मारताच पहिल्या बेसकडे झुकलेला असे आणि पावणेचार सेकंदांच्या आसपास तिथे पोहोचत असे. इतर बहुतेक फलंदाजांच्या बाबतीत साधारण प्रयत्न पुरतो तिथे इचिरोला बाद करायला असाधारण फेक लागते, म्हणून नियमाप्रमाणे ती हिटच. ‘या फुकटच्या हिट’ अशी टीका करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की वेग हाही बॅटिंगचाच भाग आहे.

सामना संपल्यावर आम्ही ताळेबंद जुळवतो. एका संघाच्या सर्व पाळ्यांची बेरीज ही त्याच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि त्याचे बाद झालेले खेळाडू यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. पण हा ताळेबंद एक चूक पकडू शकत नाही, ती म्हणजे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याची. बेरीज तर बरोबरच राहते. शिकागो कब्जच्या हॅक विल्सनचा १९३० मधला विक्रम असाच बदलला. फलंदाजाच्या फटक्यामुळे संघाला मिळालेल्या धावा, म्हणजे आरबीआय, या सदरात त्याचा आकडा जवळपास सत्तर वर्षे १९० असा छापला जात होता. जुने तक्ते तपासणाऱ्या संशोधकांना आढळले की, २८ जुलै १९३० च्या एका सामन्यातली त्याची एक धाव सहकारी चार्ली ग्रिमच्या नावे चढली होती, आणि १९९९ मध्ये विक्रम अधिकृतपणे १९१ झाला. रूथचा सहकारी लू गेरिग याच्या वाट्याला उलट नशीब आले. १९३१ मध्ये त्याने चेंडू कुंपणापार मारला, पण पुढे धावणाऱ्या लिन लॅरीला झेल घेतला गेला असे वाटून तो बेस सोडून बाहेर निघून गेला. त्याला ओलांडून पुढे गेल्यामुळे गेरिग बाद ठरला आणि होम रनची ट्रिपल झाली. त्या वर्षी गेरिग आणि रूथ ४६ होम रनवर बरोबरीत राहिले.

आता काळ आणि मैदान. १८८४ मध्ये शिकागोच्या नेड विल्यमसनने २७ होम रन मारले आणि तो विक्रम रूथने १९१९ मध्ये २९ मारेपर्यंत, म्हणजे ३५ वर्षे टिकला. त्याचे रहस्य एवढेच की, शिकागोच्या त्या मैदानाची बाजूची कुंपणे २०० फुटांच्याही आत होती. आदल्या वर्षापर्यंत त्यांवरून गेलेला चेंडू डबल धरला जाई, आणि त्या वर्षी तो होम रन धरायचे ठरले. १८८३ मध्ये याच विल्यमसनचे डबल ४९ आणि होम रन २ होते. फलंदाज तोच, कुंपणही तेच, केवळ घरच्या मैदानाचा नियम बदलला. याच्या उलट बाजूला १९१२ मध्ये पिट्सबर्गच्या चीफ विल्सनच्या ३६ ट्रिपल आहेत. फोर्ब्स फील्डचे कुंपण डाव्या बाजूच्या मधल्या टोकाला ४५० फुटांहूनही दूर होते, आणि तिथे पडलेला चेंडू परत येईपर्यंत चांगला धावपटू तिसरा बेस गाठत असे. विसाव्या शतकापासून पुढे दुसरा कोणीही २६ च्या वर गेलेला नाही. आजच्या मैदानांत हा विक्रम मोडणे शक्यच नाही, आणि नेमके म्हणूनच तो मला फारसा मोठा वाटत नाही. अर्ल वेबच्या १९३१ मधल्या ६७ डबलबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. अलीकडे टॉड हेल्टन आणि फ्रेडी फ्रीमन ५९ पर्यंत पोहोचले आहेत, म्हणजे तो हाताच्या टप्प्यात आहे.

सरासरीच्या विक्रमांवर काळाचा शिक्का सर्वांत ठळक असतो. ह्यू डफीची १८९४ ची ०.४४० ही सरासरी ऐकायला अचाट आहे, पण १८९३ मध्ये पिचरला ६० फूट ६ इंचांवर मागे नेण्यात आले होते. पिचर त्या अंतराला सरावले नव्हते आणि १८९४ मध्ये संपूर्ण नॅशनल लीगचीच सरासरी ०.३०९ होती. १९३० मध्येही त्याच लीगची सरासरी ०.३०३ होती, आणि हॅक विल्सनचे १९१ त्याच उधळणीतले आहेत. याउलट १९६८ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्कीने ०.३०१ सरासरीवर अमेरिकन लीगचा फलंदाजीचा किताब मिळवला, कारण लीगची सरासरीच ०.२३० होती, पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. यास्त्रेम्स्कीचे ०.३०१ आणि १९३० मधल्या बिल टेरीचे ०.४०१ यांच्यात दिसते तेवढे अंतर प्रत्यक्षात नाही.

टेड विल्यम्सचा हंगाम या कसोटीवरही तगतो. १९४१ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी ०.२६६ होती. उंच झेलावर सहकाऱ्याने धाव काढली तर आज फलंदाजाची ती पाळी सरासरीत धरत नाहीत, पण त्या वर्षी ती धरली जात होती, म्हणजे आजच्या नियमाने त्याचा आकडा ०.४०६ पेक्षा वरच गेला असता. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात शेवटचे दोन सामने होते आणि विल्यम्स ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिटवर होता. याचा भागाकार ०.३९९५५ येतो आणि छापताना तो ०.४०० होतो. बाहेर बसला असता तरी नोंद झालीच असती. तो दोन्ही सामने खेळला, ८ मध्ये ६ हिट घेतल्या आणि ४५६ मध्ये १८५ वर हंगाम संपवला. पुरेशा पाळ्या खेळून ०.४०० गाठणारा त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणी झालेला नाही. १९८० मध्ये जॉर्ज ब्रेट ०.३९० पर्यंत गेला, आणि १९९४ मध्ये टोनी ग्विन ०.३९४ वर असताना संपामुळे ऑगस्टमध्येच हंगाम थांबला.

आता जॉश गिब्सन. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मज्जाव होता, आणि गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी, मरण पावला. १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगना, डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा देण्यात आला, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले गेले. त्यामुळे होमस्टेड ग्रेजकडून खेळताना गिब्सनने १९४३ मध्ये केलेली ०.४६६ ही एका हंगामाची सर्वोच्च सरासरी ठरली आणि डफी मागे सरकला. आक्षेप असा घेतला जातो की, त्या लीगचे हंगाम छोटे होते आणि छोट्या हंगामात सरासरी वर राहणे सोपे असते. संख्याशास्त्रानुसार हे खरेच आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कोणी ना कोणी ०.४०० च्या वर असणे नेहमीचेच आहे. पण पात्रतेचा नियम सर्वांना एकच लावला आहे, म्हणजे संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ पाळ्या, आणि २०२० चा ६० सामन्यांचा हंगाम त्याच पुस्तकात कोणाच्या तक्रारीशिवाय बसला आहे. शिवाय ज्या फलंदाजाला गिब्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांविरुद्ध कधी खेळावेच लागले नाही, त्याच्या आकड्याला ‘पूर्ण’ म्हणायचे आणि गिब्सनच्या आकड्याला अपुरे म्हणायचे, हे मला पटत नाही.

होम रनच्या विक्रमाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर ७० आणि सॅमी सोसा ६६, २००१ मध्ये बाँड्स ७३. साठच्या वरचे ते सगळे हंगाम चार वर्षांत दाटीवाटीने आले आणि थांबले. मेजर लीगमध्ये उत्तेजकांची चाचणी २००३ मध्ये सुरू झाली. मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून ती घेतल्याचे नाकारले. त्याच्यावरचा न्यायात अडथळा आणल्याचा दोष २०१५ मध्ये रद्द झाला, पण हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी पत्रकारांच्या मतदानात दहाही वर्षे त्याला पुरेशी मते पडली नाहीत. म्हणून ॲरन जजने २०२२ मध्ये ६२ होम रन मारले तेव्हा अनेकांनी त्यालाच खरा विक्रम मानले, वास्तविक तो अमेरिकन लीगचा विक्रम आहे. गुणलेखक म्हणून माझी भूमिका साधी आहे: ७३ वेळा चेंडू कुंपणापार गेला, तो तसाच लिहायचा. त्याला किती मान द्यायचा हे वाचणाऱ्याने ठरवावे, वहीत खाडाखोड करून नव्हे.

विक्रम रोखण्यासाठी मैदानावरच खाडाखोड करण्याचा प्रकार जपानमध्ये झाला. सादाहारू ओहचा १९६४ चा ५५ होम रनचा विक्रम गाठण्याच्या बेतात असलेल्या परदेशी फलंदाजांना, १९८५ मध्ये रँडी बासला आणि पुढे २००१ मध्ये टफी रोड्स व २००२ मध्ये ॲलेक्स काब्रेरा यांना, ओह व्यवस्थापक असलेल्या संघांच्या पिचरांनी मारण्याजोगे चेंडू टाकण्याचेच टाळले. रोड्स आणि काब्रेरा ५५ वर थांबले. शेवटी क्युरासाओच्या व्लादिमिर बालेंतिनने २०१३ मध्ये ६० मारून तो विक्रम मोडला, आणि तोही अशा वर्षी, जेव्हा लीगने कोणाला न सांगता चेंडू अधिक उसळता केला असल्याचे उघडकीस आले होते.

आणि आता तो न विचारलेला विक्रम. २००४ मध्ये बाँड्सला २३२ वॉक मिळाले, त्यांपैकी १२० हेतुपुरस्सर. त्या एका खेळाडूखेरीज हेतुपुरस्सर वॉकचा सर्वोच्च आकडा विली मॅकोव्हीचा १९६९ मधला ४५ हा आहे. बाँड्सच्या ६१७ पाळ्यांत ॲट-बॅट केवळ ३७३ होते. १३५ हिट, २३२ वॉक आणि ९ वेळा अंगावर लागलेला चेंडू धरला तर ३७६ वेळा तो बेसवर पोहोचला, म्हणजे ०.६०९. पाच पाळ्यांत तीन वेळा बाद न होणे आणि ते हंगामभर टिकवणे. उत्तेजकांचा आक्षेप इथेही लागू आहेच, पण त्याच सुमाराला तोच आक्षेप असलेल्या इतर कोणाच्याही वाट्याला हे आले नाही. आजचे संघ आकडेवारी पाहून हेतुपुरस्सर वॉक देणेच बहुतांश टाळतात, त्यामुळे १२० च्या निम्म्यापर्यंत पोहोचणारा फलंदाजही मला दिसत नाही.

राहिला प्रश्न पुन्हा काय घडू शकेल याचा. २०२४ मध्ये मेजर लीगची एकूण सरासरी ०.२४३ होती, आणि आजचे फलंदाज सिंगलपेक्षा होम रनसाठीच बॅट फिरवतात. २०२३ मध्ये लुइस अराएझ जूनच्या उत्तरार्धापर्यंत ०.४०० च्या आसपास होता आणि हंगामाअखेर ०.३५४ वर उतरला. त्यामुळे ०.४०० आणि २६२ ही दोन्ही शिखरे सध्या दूर आहेत. होम रनचे तसे नाही. २०२५ मध्ये सिॲटलच्या कॅल रॅलीने ६० मारले, आणि तेही कॅचर (फलंदाजामागे बसून पिचरचा चेंडू झेलणारा) म्हणून, जिथे गुडघ्यांवर बसून निम्मा हंगाम जातो. ६२ ते ७३ हे अंतर मोठे आहे, पण ते कापण्याच्या प्रयत्नात निदान दोन-तीन फलंदाज आज खेळत आहेत. २६२ च्या मागे माझ्या माहितीत कोणीही नाही.